पेठ ब्राझील, गल्ली अर्जेंटिना

कोल्हापुरात विश्वचषक आधी फ्लेक्सवर येतो, मग टीव्हीवर. २०२६ ची स्पर्धा मेक्सिको सिटीत ११ जूनला सुरू होणार, आपल्या घड्याळाप्रमाणं ११ आणि १२ जूनच्या मधल्या रात्री साडेबाराला. आमच्या पेठेत मात्र तिचं उद्घाटन कधीच उरकलंय. चौकातल्या विजेच्या खांबापासून समोरच्या घराच्या कठड्यापर्यंत निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा फ्लेक्स ताणलाय. मधोमध कप घेतलेला मेस्सी, आणि त्याच्या भोवतीनं पेठेतल्या पोरांचे गॉगल लावलेले फोटो. खाली मजकूर : 'अर्जेंटिना संघास विश्वविजेतेपद राखण्यासाठी हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार.' मित्रपरिवाराचे अध्यक्ष मेस्सीपेक्षा आकारानं मोठे छापलेत. मेस्सीची त्याला हरकत असण्याचं कारण नाही. वर्गणी अध्यक्षांनी दिलीय.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत समोरच्या बाजूला पिवळा फ्लेक्स लागला. लांबीला दोन फूट जास्त, रुंदीलाही दोन फूट जास्त. त्यावर पेले, रोनाल्डो (जुना, ब्राझीलचा, नव्याशी गल्लत केली तर प्रकरण हातघाईवर येतं), रोनाल्डिन्हो आणि नेमार अशी सगळी वंशावळ, आणि वर पाच कप. अर्जेंटिनाचे तीनच आहेत असं कुठंही लिहिलेलं नाही, पण पाच कप इतके ठसठशीत छापलेत की वाचणाऱ्यानं वजाबाकी आपोआप करावी. दोन्ही फ्लेक्स एकाच दुकानात छापलेत. दुकानदाराला विचारलं, "तुमचा पाठिंबा कुणाला?" तो म्हणाला, "स्क्वेअर फुटाला."

बाहेरगावच्या वाचकासाठी थोडी माहिती. कोल्हापुरात तालीम म्हटलं की आत फक्त लाल माती, लंगोट आणि थंडाई असणार असं समजून कोणी आलं तर फसतं. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम ही सगळी फुटबॉल खेळणारी घराणी आहेत. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ, फुलेवाडी ही आणखी. उरलेला महाराष्ट्र क्रिकेटचा स्कोअर विचारत फिरत असतो तेव्हा इथला माणूस कामावरून हाफ डे टाकून शाहू स्टेडियमची पायरी धरतो. नायजेरियाहून आलेले खेळाडूही इथल्या संघांतून खेळून गेलेत. पुण्याचे एक पाहुणे अशा सामन्याला आले होते. तालीम मंडळाच्या जर्सीतला सहा फुटी आफ्रिकन गडी बघून त्यांनी हळूच विचारलं, "हे कुठले?" शेजारच्यानं चेंडूवरची नजर न काढता सांगितलं, "आमच्या पेठंतलं." पाहुण्यांनी पुढं काही विचारलं नाही.

आता हा सगळा हंगाम पावसाळ्याच्या तोंडाशी संपतो. मैदानाचा चिखल होतो, गोलपोस्ट भिजत उभे राहतात आणि वर्षभर जोपासलेली पेठापेठांतली इर्षा एकदम बेकार होते. तिला चार महिने करायचं काय? साधारण याच वेळेला दर चार वर्षांनी विश्वचषक येतो. (२०२२ ला कतारनं तो नोव्हेंबर-डिसेंबरात घेतला आणि आमचं वेळापत्रक पार बिघडवलं. इकडं स्थानिक हंगाम तोंडावर आलेला, तिकडं मेस्सी. भांडायचं तर दिवसात किती ठिकाणी?) तेव्हा जाणकारांनी हे लक्षात घ्यावं की आमच्या नकाशात ब्राझील हा देश दक्षिण अमेरिकेत नाही. तो जुन्या विहिरीच्या अलीकडं आहे. विहिरीच्या पलीकडं अर्जेंटिना. मधे सार्वजनिक नळ आहे, तो सध्या तटस्थ आहे.

ही फाळणी कशी झाली याचा इतिहास पेठेत तोंडी चालत आलाय. १९८६ साली मेक्सिकोतले सामने दूरदर्शनवर दिसले आणि मॅराडोना नावाचं वेड घरात शिरलं. अख्ख्या गल्लीत धड चालणारा टीव्ही एकाच्याच घरी होता. त्या घराचा कर्ता पुरुष मॅराडोनाच्या बाजूचा. ज्यांना आत सतरंजीवर जागा मिळाली ते सगळे अर्जेंटिनाचे झाले. ज्यांना 'जागा न्हाई, उद्या या' म्हणून दारातून परत पाठवलं, ते त्याच पावली ब्राझीलचे झाले. इंग्लंडविरुद्ध मॅराडोनानं हातानं घातलेला गोल आत बसलेल्यांना दैवी वाटला आणि खिडकीतून बघणाऱ्यांना तेव्हाच हात दिसला. चाळीस वर्षं झाली. टीव्ही भंगारात गेला, घर पाडून अपार्टमेंट झालं, पण दारातून परत पाठवल्याचा राग तिसऱ्या पिढीकडं आलाय. त्या पिढीला ब्राझीलचं राष्ट्रगीत येत नाही, राजधानीचं नाव विचारलं तर रिओ सांगते, पण विहीर ओलांडून पलीकडच्या टपरीवर चहा पीत नाही.

लग्नसंबंधांनी यात थोडी गुंतागुंत झालीय. गेल्या वर्षी अर्जेंटिनाच्या एका कडव्या घरात ब्राझीलच्या घरची सून आली. मुलगी बघायच्या कार्यक्रमात शिक्षण, उंची, पत्रिका सगळं विचारून झालं; हा मुद्दा राहूनच गेला. परवा टेरेसवर वाळत घातलेल्या निळ्या-पांढऱ्या कपड्यांत एक पिवळी जर्सी फडफडताना दिसली आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली. सासूबाईंनी सबुरीनं विषय काढला. सून म्हणाली, "आई, देव तुमचे, चालीरीती तुमच्या, तिखटाचं प्रमाणबी तुमचं. नेमार तेवढा माझा राहू दे." सासरे त्या दिवसापासून तिला चहा मागताना दोनदा विचार करतात. नवरा दोन्ही बाजूंना 'सामना चांगला व्हायला पायजे' असं म्हणत फिरतो. असं म्हणणाऱ्या माणसाचं आमच्याकडं कुठंच काही होत नाही.

नेमारचं नाव निघालंच आहे तर त्याच्या गुडघ्याबद्दल बोलायला हवं, कारण पेठेत दुसरं काही बोललंच जात नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये उरुग्वेविरुद्ध खेळताना त्याच्या डाव्या गुडघ्यातला लिगामेंट फाटला. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत अस्थिरोगतज्ज्ञांची संख्या एकदम वाढली. एसीएल म्हणजे काय, तो शिवतात कसा, मांडीतल्या स्नायूची कंडरा घेऊन गुडघ्यात बसवतात कशी, यावर बारावीला जीवशास्त्र सोडून पळालेली मुलं व्याख्यानं देतात. यातले सगळ्यात ज्येष्ठ काका गेली पाच वर्षं स्वतः कठडा धरून जिना उतरतात. मुलगा म्हणतो, दाखवून घेऊ. काका म्हणतात, "मला कुठं विश्वचषक खेळायचाय?" आणि लगेच मोबाइलवर नेमारच्या सरावाचा व्हिडिओ लावून, तो वळताना डाव्या पायावर पूर्ण भार देतो का, ते चष्मा वर करून बघत बसतात. त्यांच्या मते देत नाही. "चोरतोय," असं त्यांनी जाहीर केलंय. हे ऐकून दोघांनी ब्राझीलच्या फ्लेक्सची उरलेली वर्गणी तूर्त थांबवली.

ब्राझीलनं २०२५ मध्ये कार्लो अँचेलोटी या इटालियन माणसाला प्रशिक्षक नेमलं, त्यावरही विहिरीच्या अलीकडं दोन तट आहेत. एका तटाचं म्हणणं, माणूस मोठा आहे, भुवई उंचावून सामने जिंकतो, द्या की संधी. दुसऱ्या तटात बहुतेक सगळे भाऊबंदकीत पोळलेले. "घरात एवढी कर्ती माणसं असताना बाहेरचा कारभारी कशाला आणायचा?" असं ते विचारतात, आणि विचारताना त्यांच्या डोळ्यांसमोर रिओ नसतं, गडहिंग्लजची सव्वा एकर असते. २००२ नंतर ब्राझीलला कप नाही, हे मात्र दोन्ही तटांत कोणी मोठ्यानं बोलत नाही.

जे बोलायचं नाही ते बोलायला पलीकडचे लोक आहेतच. ८ जुलै २०१४ ला बेलो होरिझोन्तेत जर्मनीनं ब्राझीलला सात-एक असं हरवलं. याला बारा वर्षं होतील, पण अर्जेंटिनाचा माणूस अजून वडापावच्या गाडीवर ब्राझीलवाला उभा दिसला की मुद्दाम खणखणीत आवाजात ऑर्डर देतो : "सात वडं आन् एक पाव." पाव पुरत नाही, वडे उरतात, पण सांगितलेली ऑर्डर कोणी बदलत नाही. ब्राझीलवाल्यांकडंही हत्यार आहे. अर्जेंटिनानं २०२२ चा कप जिंकला खरा, पण सुरुवातीच्या सामन्यात सौदी अरेबियाकडून दोन-एक असा मार खाल्ला होता. तेव्हा विहिरीच्या पलीकडं कोणी पेट्रोलच्या भावाबद्दल कुरकुरला की अलीकडून उत्तर तयार असतं, "सौदीला तुम्हीच जाऊन बोला की, तुमची वळख हाय."

या दोन महासत्तांच्या मधे काही छोटे स्वतंत्र प्रांत आहेत. उद्यमनगरात लेथ चालवणारे एक मिस्त्री जर्मनीचे आहेत. सगळ्या पेठेत एकटे. कारण सरळ आहे : त्यांच्या वर्कशॉपमधलं जुनं जर्मन मशीन आजवर एकदाही बंद पडलेलं नाही. जर्मनी २०१८ आणि २०२२ अशी सलग दोन वेळा साखळीतच बाद झाली तेव्हा पोरं त्यांना चिडवायला गेली. मिस्त्रींनी हातातल्या कापडाला तेल पुसत सांगितलं, "मशीन बरं हाय. ऑपरेटर बदलाय पायजे." त्यांच्या डायरीत जर्मनीचे सगळे सामने आतापासून भारतीय वेळेत लिहिलेले आहेत, पुढं चहाची वेळही आहे.

दुसरा प्रांत आजींचा. २०२२ चा अंतिम सामना त्यांनी नातवंडांच्या गोंगाटात, माळ ओढत बघितला. एम्बापेनं तीन गोल घातले आणि तरी पेनल्टीवर फ्रान्स हरलं. गल्लीत फटाके वाजत होते, 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' चाललं होतं, आणि आजी म्हणाल्या, "तीन-तीन गोल घालूनबी ते पोरगं हरलं. आईला काय वाटलं आसंल!" तेव्हापासून आजी फ्रान्सच्या. त्यांना त्याचं नाव घेता येत नाही, त्या त्याला 'तीन गोलवालं' म्हणतात. घरात अर्जेंटिनाचे पाच जण आहेत, पण आजींसमोर मेस्सीचं कौतुक आवाज खाली करूनच होतं.

आणि तिसरी, सगळ्यात गलबल्याची वसाहत म्हणजे पोर्तुगाल. हे सगळे पंधरा ते बावीस वयाचे. यांना मॅराडोना म्हणजे जुन्या पोस्टरवरचा जाडा माणूस. यांचा देव क्रिस्तियानो रोनाल्डो, वय ४१. गोव्यात कळंगुटला त्याचा पुतळा आहे. दर्शन घेऊन आलेल्यांना या गटात मान असतो. पोर्तुगालनं विश्वचषक एकदाही जिंकलेला नाही, याचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही, कारण त्यांना पोर्तुगालशी काही देणंघेणं नाही. रोनाल्डो उद्या उझबेकिस्तानकडून खेळला तर ही मुलं परवा ताश्कंदची होतील. यांच्या वादात एकच प्रश्न असतो, मेस्सी मोठा की रोनाल्डो, आणि तो प्रश्न रात्री अकराला सुरू झाला की पहाटे दूधवाल्याला विचारून थांबतो. दूधवाला रोज वेगळं उत्तर देतो. धंद्याची माणसं अशी असतात.

मेस्सीवाल्यांची बाजू गेल्या डिसेंबरात जरा जड झाली होती. मेस्सी मुंबईत वानखेडेवर आला, सचिन तेंडुलकरनं त्याला आपली दहा नंबरची जर्सी दिली, आणि आमच्या गल्लीतला एक गडी उधारीवर तिकीट काढून तो सोहळा बघून आला. कोलकात्यात मेस्सी पुढाऱ्यांच्या गराड्यात दिसलाच नाही म्हणून लोकांनी खुर्च्या फेकल्या होत्या; मुंबईत तसं झालं नाही. आमच्या गड्याला तो दिसला. किती दिसला? आधी म्हणाला, एवढा. हाताची दोन बोटं अंगठ्याएवढी लांब धरली. महिन्याभरानं तो मेस्सी वीतभर झाला. एप्रिलपर्यंत मेस्सीनं त्याच्याकडं बघून हात केला होता. स्पर्धा सुरू होईपर्यंत दोघांचं काहीतरी बोलणं झालेलं असेल, अशी आम्हाला खात्री आहे.

या वेळी ४८ देश आहेत. आधी ३२ असायचे. चार-चार संघांचे बारा गट, प्रत्येक गटातले पहिले दोन पुढं, शिवाय तिसऱ्या क्रमांकाच्या बारांतले बरे आठ पुढं. म्हणजे ४८ पैकी ३२ पास. एकूण सामने १०४. पेठेतल्या एका शिक्षकांनी हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवला आणि म्हणाले, "यात नापास व्हायला अभ्यास लागतो." एवढी दारं उघडल्यावर नवी नवी नावं आत आली. केप व्हर्दे, लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास. कुरासाव, लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास, इतक्या छोट्या देशानं विश्वचषकात जागा मिळवण्याची ही पहिलीच वेळ.

हे आकडे तालमीच्या कट्ट्यावर पोचले त्या संध्याकाळी काय झालं ते सविस्तर सांगण्यासारखं आहे. कोणीतरी मोबाइलवर बघून सांगितलं की २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती. पाच मिनिटं कोणी बोललं नाही. मग एक जण म्हणाला, "म्हंजे आपुन केप व्हर्देपेक्षा मोठं." दुसरा म्हणाला, "आन् कुरासावच्या साडेतीन पट." तिसऱ्यानं थेट निष्कर्ष काढला, "मग कोल्हापूरचाच संघ का जात न्हाई?"

या प्रश्नाला घटनात्मक, भौगोलिक वगैरे काही अडचणी आहेत हे कट्ट्यावरच्या एका वकिलांनी सुचवून पाहिलं. त्यांना चहा आणायला पाठवण्यात आलं. फिफाला अर्ज करायचं ठरलं. अर्जासोबत संघाची यादी लागेल म्हणून एकानं सिगारेटच्या पाकिटाची आतली बाजू उलगडली आणि पेन काढलं. पहिलं नाव, गोलकीपर.

गोलकीपर कोणाचा घ्यायचा? पाटाकडील तालमीचा घ्यावा तर दिलबहारवाले चालू पडणार. दिलबहारचा घ्यावा तर शिवाजी पेठेत काय तोंड दाखवायचं? एकानं तडजोड सुचवली, पहिल्या हाफला एक, दुसऱ्या हाफला एक. लगेच प्रश्न आला, पहिल्या हाफला कोणाचा? तिसऱ्या पेठेचा घ्या, असं म्हणणाऱ्याला त्याची मावशी त्या पेठेत दिलीय याची आठवण करून देण्यात आली. आवाज वाढले. २०-२२ वर्षांपूर्वीच्या एका फायनलमधली पेनल्टी निघाली, ती पेनल्टी होती की नव्हती हे निघालं, त्या सामन्याचा पंच कोणाचा सोयरा होता हेही निघालं. साडेदहाला सगळे उठले. पाकिटाच्या कागदावर 'गोलकीपर' एवढा एकच शब्द लिहिलेला होता. कुरासावची साडेतीन पट लोकसंख्या असूनही विश्वचषकात कोल्हापूर नाही, त्याचं खरं कारण तो कागद आहे. भारत का नाही, याचीही कारणं बहुधा अशाच एखाद्या कागदावर असतील.

भारताचा विषय अर्थात निघतोच. १९५० च्या ब्राझीलमधल्या स्पर्धेत भारताला जागा मिळाली होती आणि आपण गेलो नाही, हे खरं. अनवाणी खेळू देणार नाहीत म्हणून गेलो नाही, ही त्यातली लोकप्रिय आवृत्ती. इतिहासकार लांबचा बोटीचा प्रवास, तयारीचा अभाव आणि ऑलिंपिकलाच मोठं मानण्याची तेव्हाची दृष्टी अशी कारणं सांगतात, पण ती कारणं कट्ट्यावर चालत नाहीत. कट्ट्याला अनवाणीच हवं. "बूट न्हवतं तर कोल्हापुरी घालून गेलो असतो," असं एका कारागिरानं सुचवलं, आणि प्राडानं गेल्या वर्षी मिलानच्या फॅशन शोत कोल्हापुरी चढवून जे केलं ते फिफानं १९५० लाच करायला हवं होतं, असं एकमतानं ठरलं.

अलीकडचा घाव जास्त ओला आहे. जून २०२४ मध्ये दोह्यात कतारविरुद्धच्या पात्रता सामन्यात चेंडू गोलरेषेच्या बाजूनं सरळ बाहेर गेलेला असताना कतारच्या खेळाडूनं तो आत ओढला, गोल झाला आणि पंचांनी दिलाही. भारत तो सामना दोन-एक हरला आणि पुढच्या फेरीला मुकला. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, तिथं नव्हती. "शाहू स्टेडियमवर असा गोल दिऊन दाखवावा," हे पेठेचं त्यावरचं अधिकृत निवेदन आहे. शाहू स्टेडियमवरही व्हीएआर नाही, पण चारी बाजूंना प्रेक्षक आहेत. ते पंचाला कोणतीही घटना हव्या त्या कोनातून, हव्या तितक्या वेळा ऐकवू शकतात.

मधेच कोणीतरी केरळची आठवण काढून वातावरण बिघडवलं. २०२२ ला कोझिकोडजवळच्या पुल्लावूर गावात मेस्सीचा तीस फुटी कटआउट नदीत उभा केला, मग नेमारचा त्याहून उंच, मग रोनाल्डोचा, आणि फिफानंसुद्धा त्याची दखल घेतली. केरळनं आपल्याला मागं टाकावं? ठराव झाला की पंचगंगेत पन्नास फुटी मेस्सी उभा करायचा. फॅब्रिकेशनवाला तयार, फ्लेक्सवाला तर आनंदानं उभाच राहिला. मग एका म्हाताऱ्यानं विचारलं, "म्हैना कंचा?" स्पर्धा १९ जुलैपर्यंत. जुलैत पंचगंगा कशी असते हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. उपांत्य फेरीच्या आधीच मेस्सी राजाराम बंधाऱ्यावरून निघणार, नृसिंहवाडीला दत्ताचं दर्शन घेऊन कृष्णेत उतरणार आणि थेट आलमट्टीला पोचणार. कर्नाटक एकदा आत गेलेलं काही सहजासहजी सोडत नाही. ठराव मागं घेण्यात आला. ब्राझीलवाल्यांनी मात्र 'होऊन जाऊ दे' म्हणून बराच आग्रह धरला.

आता उरला व्यवस्थेचा प्रश्न. सामने अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत, त्यामुळं आपल्याकडं काही मध्यरात्री साडेबाराला, काही पहाटे साडेतीनला, काही सकाळी साडेसहाला. ब्राझीलची मोरोक्कोशी गाठ पहाटेच पडणार. घरी टीव्ही लावला तर घर जागं होणार, म्हणून तालमीत मोठा पडदा लावायचा हे सर्वमान्य आहे. पण जूनचा पाऊस आणि आमच्या भागातली वीज यांचं पटत नाही. पहिला थेंब पडला की दिवे जातात. म्हणजे जनरेटर. म्हणजे डिझेल. म्हणजे वर्गणी. त्यासाठी गेल्या रविवारी तालमीत बैठक झाली.

ब्राझीलच्या बाजूनं पहिलाच मुद्दा मांडला गेला : आमच्या पैशाच्या डिझेलवर अर्जेंटिनाचा सामना चालणार नाही. मुद्दा अर्जेंटिनालाही तंतोतंत पटला, त्यांनी तोच फिरवून मांडला. मग असं ठरलं की ज्याचा सामना त्याचं डिझेल. अर्जेंटिनाचे गटातले सामने अल्जीरिया, ऑस्ट्रिया आणि जॉर्डनशी. ब्राझीलचे मोरोक्को, हैती आणि स्कॉटलंडशी. प्रत्येकी तीन, समान खर्च, वाद नाही. जादा वेळ झाला तर जादा लिटर त्या त्या गटानं भरायचे. पोर्तुगालच्या मुलांकडं पैसे नसतात, त्यांनी जनरेटरचा दोर ओढायचा. आजींनी फ्रान्सचे पैसे कनवटीतून जागेवरच काढून दिले.

सगळं सुरळीत चाललं असताना मागून आवाज आला, "ब्राझील आन् अर्जेंटिनाच समोरासमोर आले तर?"

विश्वचषकात हे दोघं शेवटचे भिडले ते १९९० ला, तुरिनमध्ये. कॅनिजियाच्या एका गोलवर अर्जेंटिना जिंकली. त्याला छत्तीस वर्षं झाली, आणि पेठ त्या सामन्याची वाट कधीपासून बघतेय. पण त्या रात्रीचं डिझेल कोणाचं? निम्मं-निम्मं म्हणावं तर पहिल्या हाफचं कोण भरणार, दुसऱ्या हाफचं कोण? पेनल्टीपर्यंत गेलं तर? समजा अर्जेंटिना पुढं आहे आणि नेमकं अर्जेंटिनाच्या वाट्याचं डिझेल संपलं, तर ब्राझीलवाले आपलं ओततील का? "वतायचं कशाला? आंधार बरा," असं उत्तर आलं आणि खुर्च्या सरकल्या. गुडघेवाले काका कठडा न धरता उभे राहिले. वकिलांना परत चहाला पाठवलं.

तेव्हा कोपऱ्यात शांत बसलेले जर्मनीचे मिस्त्री उठले. खिशातून डायरी काढली, एक पान उलटलं आणि म्हणाले, "त्या म्याचचं डिझेल मी भरतो. पूर्ण." सगळी तालीम गप्प. मिस्त्रींनी पेनाचं टोपण काढलं.

"पण पावती पायजे. दोघांच्या सह्यांची."

सह्या आधी कोणी करायची, यावर पुढची बैठक येत्या रविवारी आहे.